गाठींची रोझरी, वर्षभर वापरून: माळ उत्तम, सोबतची पुस्तिका मात्र जपून वाचा

आधी मुद्द्याचं सांगते. रोझरी म्हणजे येशूची आई मरिया हिच्या प्रार्थना मोजत म्हणायची कॅथलिकांची जपमाळ. ही माळ घ्या, नक्की घ्या. तिच्यासोबत जी छोटी पुस्तिका येते ती मात्र खाली लिहिलंय ते वाचून मगच उघडा, कारण तिच्यातली दोन-तीन पानं चांगल्या श्रद्धाळू माणसालाही भलतीकडे नेतील अशी आहेत आणि मला ते फार लागलंय.

माझ्याकडे आधी धातूच्या साखळीची रोझरी होती, तिची कडी सारखी निसटायची आणि मण्यांचा खुळखुळ आवाज यायचा. आई हॉस्पिटलमध्ये होती, रात्री तिच्या उशाशी बसून रोझरी करायची तर शेजारच्या पेशंटची झोप मोडू नये म्हणून ही दोऱ्याची मागवली. जाड विणलेला निळा दोरा आहे, मणी अजिबात नाहीत, मण्याच्या जागी गाठ. आल्या आल्या मोजल्या, नमो मरिया या प्रार्थनेसाठी ५३ लहान गाठी आणि प्रभूच्या प्रार्थनेसाठी ६ मोठ्या, एकूण ५९, अगदी बरोबर. आवाज शून्य. उशीखाली ठेवा, खिशात कोंबा, हातात धरून झोप लागली तरी तुटायची भीती नाही. वर्षभरात दोनदा साबणाने धुतली, निळा रंग जरा फिका झालाय पण गाठ एकही सुटली नाही. तक्रार एकच, मोठ्या गाठी पुरेशा मोठ्या नाहीत, अंधारात नुसत्या बोटांना फरक कळत नाही आणि दशक, म्हणजे दहा लहान गाठींचा गट, संपलं की नाही ते चाचपडावं लागतं. पुढच्या वेळी बनवणाऱ्यांनी तिथे दोरा आणखी एक वेढा जास्त घ्यावा.

गाठींचं मला आणखी एका कारणाने आवडलं. दुसऱ्या शतकात संत इरेनियस यांनी लिहून ठेवलंय की पहिली स्त्री हव्वा हिच्या अवज्ञेने जी गाठ बसली ती मरियेच्या आज्ञाधारकपणाने सुटली. म्हणजे मरियेबद्दलचा विचार काही नंतर कुणीतरी हौसेने चिकटवलेला नाही, तो इतका जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी येशूची आई होण्याला एका मुलीने दिलेला होकार आहे. तोही आंधळा होकार नव्हे हं, तिने आधी दूताला विचारलं की हे कसं होईल, आणि मग हो म्हणाली. मी त्या रात्री डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारायचे आणि मग मनात वाटायचं आपली श्रद्धा कमी पडतेय का, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला तो प्रश्न मला फार धीर देऊन गेला.

आता प्रार्थनेबद्दल, कारण माळ कशी आहे हे ती म्हणून बघितल्याशिवाय कळत नाही. नमो मरियाचा पहिला अर्धा भाग सरळ शुभवर्तमानातला आहे, आधी गाब्रिएल दूताचं अभिवादन, मग मरियेची नातलग अलिशिबा हिचे शब्द, दोन्ही लूकच्या पहिल्याच अध्यायात. दुसरा अर्धा, म्हणजे पवित्र मरिये देवाच्या माते, ही विनवणी नंतरच्या शतकांमध्ये जोडली गेली आणि १५६८ साली पोप पायस पाचवे यांच्या प्रार्थनाग्रंथात ती पक्की झाली. आणि या दोन भागांच्या मधोमध बिजागरीसारखं एकच नाव येतं, येशू. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या रोझरीवरच्या पत्रात नेमकं हेच सांगितलंय, त्याच पत्रात त्यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली (रहस्य म्हणजे एकेका दशकाला मनात धरायचा येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग). घाईत म्हणताना आपण ते नाव गिळून टाकतो, मीही टाकायचे. गाठीचा फायदा असा की मण्यासारखी ती सर्रकन घसरत नाही, बोट अडतं, आणि बोट अडलं की जीभही जरा थांबते.

देवाच्या माते हे दोन शब्द मी लहानपणापासून म्हणतेय पण खरे कळले ते त्या हॉस्पिटलातच. इ.स. ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेत यावरून मोठा वाद झाला होता, कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख नेस्टोरियस यांचं म्हणणं की तिला ख्रिस्ताची माता म्हणा, देवाची माता नको, आणि अलेक्झांड्रियाचे धर्मप्रमुख सिरिल अडून बसले की नाही, देवमाताच. वरवर बघता शब्दांचा खेळ वाटतो. पण आई माणसाची असते, नुसत्या शरीराची किंवा नुसत्या स्वभावाची नसते, आणि तिच्या पोटी जन्मलेला तो एकच जण खरा देव आणि खरा माणूस आहे, म्हणून तिला देवमाता म्हटलं नाही तर मुळात येशूचेच दोन तुकडे होतात. तो सिद्धांत तिच्या मोठेपणासाठी कमी आणि त्याची ओळख सांभाळायला जास्त आहे. मी आईचं अंग ओल्या फडक्याने पुसायचे, कूस बदलायचे, नखं कापायचे, आणि एका रात्री तिसऱ्या आनंदाच्या रहस्याशी, म्हणजे येशूच्या जन्माशी, डोक्यात आलं की देवालाही कुणीतरी असंच पुसलंय, असंच कुशीवर वळवलंय. त्यानंतर ते काम मला कधी नुसतं काम वाटलं नाही.

माळेच्या मधल्या जोडावर छोटं पदक आहे, त्यावर १८३० असा आकडा कोरलाय. बरेच जण विचारतात की हे काय, बनवल्याचं साल का. तर नाही, पॅरिसमध्ये संत कॅथरीन लाबूरे यांना मरियेचं दर्शन झालं त्याचं ते साल आहे, त्यावरून अशी पहिली पदकं १८३२ मध्ये घडवली गेली. पाठीमागे एम अक्षर, वर क्रूस, खाली दोन हृदयं आणि भोवती बारा तारे, कोरीव काम इतक्या लहान आकारातही स्पष्ट आलंय, त्याचं कौतुक. पुढच्या बाजूला मूळ फ्रेंच प्रार्थना आहे, पापाविना गर्भात आलेल्या मरिये, तुझ्याकडे धाव घेणाऱ्या आमच्यासाठी विनंती कर. म्हणजे पोप पायस नववे यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत ८ डिसेंबर १८५४ ला जाहीर केला त्याच्या कितीतरी आधी साधी माणसं हे गळ्यात घालून फिरत होती.

आणि इथेच पुस्तिका पहिल्यांदा घसरते. पान ९ वर लिहिलंय की निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरियेने पुरुषाशिवाय येशूला गर्भात धारण केलं. चूक, साफ चूक! ते कुमारीजन्माबद्दल झालं, तो वेगळा विषय. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरिया स्वतः जेव्हा तिच्या आईच्या पोटात आली, नेहमीसारखी आईवडिलांपासून, त्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला मूळ पापापासून, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापापासून, राखलं. हा गोंधळ इतका पसरलेला आहे की धर्मशिक्षणाचे वर्ग केलेल्यांनाही तो असतो, मग निदान छापताना तरी कुणाला दाखवून घ्यायचं. कारण अर्थच बदलतो ना. तिला राखलं तेही येशूच्या पुण्याईवर, तिलाही तारणारा तोच, फरक इतकाच की आपल्याला पडल्यावर उचलतो आणि तिला पडूच दिलं नाही, धर्मपंडित डन्स स्कॉटस यांनी मध्ययुगात ही गोष्ट नीट मांडली म्हणून पुढचा मार्ग मोकळा झाला. तिने काहीही चांगलं करायच्या आधी, तिला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा, कृपा आलेली होती. माझ्यासारखीला, जिला सारखं वाटतं की आधी मी सुधारते मग देवासमोर जाते, हे ऐकायची फार गरज होती.

दुसरी घसरण जास्त वाईट आहे. पान १४ वर असा मजकूर आहे की येशू न्यायाधीश आहे, तो आपल्या पापांवर रागावतो, पण आई मऊ असते, तिच्याकडे गेलं की ती मुलाला शांत करते आणि आपलं काम करून घेते. ऐकायला गोड वाटतं आणि माझ्याही मनात कित्येक वर्षं हेच होतं, म्हणून जास्त जोर देऊन लिहितेय. हे चित्र येशूवर अन्याय करणारं आहे. वधस्तंभावरून तिला आपली आई म्हणून दिली कुणी, त्यानेच ना. मग तिचं प्रेम त्याच्यापासून चोरून आपल्यापर्यंत येतं असं कसं होईल, ते त्याच्यातूनच येतं. काना गावच्या लग्नात बघा, तिने फक्त सांगितलं की द्राक्षारस संपलाय आणि मग नोकरांकडे वळून म्हणाली, तो सांगेल ते करा. योहानच्या शुभवर्तमानात यानंतर तिचा एकही शब्द नोंदलेला नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ च्या ख्रिस्तसभेवरच्या, म्हणजे चर्चवरच्या, दस्तऐवजात, आठव्या अध्यायात, हेच म्हटलंय की मध्यस्थ एकच, ख्रिस्त, आणि मरियेची मध्यस्थी त्याच्या मध्यस्थीला झाकत नाही, उलट तिचं बळ दाखवते. (मरियेवर वेगळा दस्तऐवज काढायचा की ख्रिस्तसभेच्याच दस्तऐवजात तिला घ्यायचं यावर १९६३ मध्ये मतदान झालं, १११४ विरुद्ध १०७४, आणि ती ख्रिस्तसभेच्याच दस्तऐवजात, म्हणजे आपल्यातच राहिली. मला हा निकाल फार आवडतो.) पुस्तिकेत शेवटी तिला सहउद्धारक, म्हणजे येशूच्या जोडीने तारणारी, असंही म्हटलंय, त्याबद्दल व्हॅटिकनने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्टच सांगितलंय की हा किताब वापरू नये, तेव्हा नव्या छपाईत तो काढायलाच हवा.

आणि नऊ दिवस म्हणा की मागाल ते हमखास मिळेल, हे जे मागच्या कव्हरवर ठळक अक्षरात आहे ते कृपया कुणी मनावर घेऊ नका. मी नऊ दिवसांच्या कितीतरी पुढे गेले होते आणि माझी आई वारली. आता कुणी मला म्हणेल की तुझी श्रद्धा कमी पडली, तर तसं म्हणणाऱ्याने आधी बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनने मरियेला काय सांगितलं ते वाचावं, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. तिला स्वतःला सुटका मिळाली नाही, ती क्रुसाशी उभी राहिली. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, या ओळीत दोनच वेळा आहेत, आत्ताची आणि मरणाची, आणि त्या रात्री पहाटे चारच्या सुमारास त्या दोन वेळा एक झाल्या तेव्हा मी चौथ्या दशकाच्या मध्यावर होते, आईची बोटं आणि माझी बोटं एकाच गाठीवर. गौरवाची रहस्यं चालली होती, चौथं रहस्य म्हणजे मरियेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला स्वर्गात घेतलं जाणं. १ नोव्हेंबर १९५० ला पोप पायस बारावे यांनी जो सिद्धांत जाहीर केला त्यात शब्द आहेत की पृथ्वीवरचं आयुष्य पूर्ण झाल्यावर ती आत्म्याने आणि शरीरानेही स्वर्गीय गौरवात घेतली गेली. शरीरानेही. ज्या शरीराला मी तीन महिने पुसत होते ते टाकून द्यायचं कवच नाही, त्यालाही पुढे काही आहे आणि आपल्यातली एक तिथे आधीच पोचलीय, हे मला त्या खोलीत धरून ठेवणारं होतं, अजून आहे.

पुस्तिकेत चांगलं काहीच नाही असं नाही हं. अक्षर मोठं आहे, प्रत्येक रहस्याखाली बायबलमधला उतारा कुठला ते दिलंय, प्रकाशाची रहस्यं पण आहेत, तेवढी पानं रोजच्याला उपयोगी पडतात. तुम्ही मरियेची पूजा करता का या नेहमीच्या प्रश्नालाही बरं उत्तर दिलंय, की आराधना फक्त देवाची, संतांना मान, आणि मरियेला सगळ्या संतांहून जास्त मान पण आराधना नाही. मी मित्रमैत्रिणींना याहून सोपं दाखवते, माळ हातात देते आणि म्हणते सुरुवात कुठून होते बघ. क्रुसापासून. क्रूस लाकडाचा आहे, कडा गोल घासलेल्या, बोचत नाही.

माळेला ५ पैकी ५, त्या मोठ्या गाठींची तक्रार धरूनसुद्धा. पुस्तिकेला २, तेही उताऱ्यांच्या यादीमुळे. पान ९, पान १४, किताब आणि मागचं कव्हर, चारही गोष्टी विक्रेत्याला सविस्तर लिहून कळवल्यात, अजून उत्तर नाही, आलं तर इथे टाकेन. आईसोबत ही गाठींची माळ गेली नाही, ती माझ्याकडेच आहे, तिच्या हातात मी धातूची जुनी दिली, तिला ती ओळखीची होती. भावासाठी आता दुसरी मागवलीय, हीच, निळी, आणि ऑर्डरच्या खाली लिहिलंय की पुस्तिका पाठवू नका.