चिलकॉट अहवाल: छापून घ्यायचा तर नेमका कोणता भाग?

इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचं सांगत २००३ मध्ये झालेल्या इराक युद्धाची ब्रिटनने केलेली चौकशी, म्हणजे चिलकॉट अहवाल, ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. छापील संचाची किंमत तेव्हा ७६७ पौंड होती, पण तो घ्यायची काहीच गरज नाही. चौकशीचं संकेतस्थळ ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब-संग्रहात जपलेलं आहे आणि तिथून प्रकरणवार पीडीएफ फुकट उतरवता येतात. पुण्यात संरक्षणशास्त्र, पत्रकारिता किंवा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक गटाकडे यातला निवडक भाग असायलाच हवा.

निवडक म्हणजे किती? सुमारे दीडशे पानांचा कार्यकारी सारांश आणि चौथ्या खंडातलं, इराकच्या शस्त्रांबद्दलच्या मूल्यमापनांचं प्रकरण ४.२, एवढंच. पहिल्या खंडापासून सुरुवात करणारे बहुतेक जण मध्येच सोडून देतात. नुसता सारांश वाचणाऱ्यांना निष्कर्ष कळतो, पण चूक कुठल्या टप्प्यावर शिरली ते कळत नाही. ते ४.२ मध्ये आहे, आणि अहवालाचं खरं मोल तिथेच आहे.

छापताना ए-फोर, पाठपोट, स्पायरल. पैसे वाचवायला एका बाजूवर दोन पानं बसवून घेऊ नका. तळटीपा वाचता येत नाहीत, आणि कुठला कागद कोणत्या तारखेला कोणाकडे गेला हे तळटीपांतच आहे. अप्पा बळवंत चौकात किंवा सदाशिव पेठेत झेरॉक्स काढायला टाकाल तेव्हा हे आधीच बजावून सांगा.

वाचताना वहीत चार रकाने आखा: तारीख, मूळ खबर, संयुक्त गुप्तवार्ता समितीचं (गुप्त माहिती तोलून ब्रिटिश सरकारला सांगणारी समिती) मूल्यमापन, जनतेला सांगितलेलं वाक्य. मग शंका कशी गळत गेली ते उघड दिसतं. १५ मार्च २००२ च्या मूल्यमापनात समिती स्वतःच म्हणते की इराकच्या शस्त्रांबद्दलची माहिती तुटक आणि विस्कळीत आहे. इराकच्या शस्त्रांबद्दल ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबरला जनतेसाठी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत पंतप्रधान टोनी ब्लेअर लिहितात की रासायनिक व जैविक शस्त्रांचं उत्पादन चालू असल्याचं निःसंशय सिद्ध झालं आहे. मधल्या सहा महिन्यांत ‘निःसंशय’ म्हणण्याजोगा पुरावा आलेला नव्हता. हुकूम मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक ही शस्त्रं वापरू शकतो, हा दावाही असाच. मूळ खबर रणांगणावरच्या अस्त्रांबद्दल होती. पुस्तिकेत तो खुलासा गाळला गेला आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा समज पसरला. सप्टेंबरमधल्याच आणखी एका खबरेत काचेच्या गोळ्यांत भरलेल्या विषारी द्रव्याचं वर्णन होतं. ते एका हॉलिवूडपटातल्या दृश्याशी जुळतं, असा आक्षेप पुढे घेतला गेला. ती खबर मागे घेतली गेली २००३ मध्ये, युद्ध होऊन गेल्यावर. हे वाचून संताप येतो, आणि यायलाच हवा.

उणीव मोठी आहे. ब्लेअर यांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना लिहिलेली २९ टिपणं मिळतात. २८ जुलै २००२ चं, ‘काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन’ हे सांगणारं, त्यातच आहे. बुश यांची बाजू मात्र जवळजवळ नाही. त्यासाठी अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचा ९ जुलै २००४ चा अहवाल जोडून घ्या. पाचशेहून अधिक पानं, जागोजागी काळ्या पट्ट्या, तरी ॲल्युमिनियम नळ्यांचं प्रकरण पूर्ण वाचा: या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नसून अग्निबाणांसाठी असाव्यात, असं ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ आधीच सांगत होते. ‘कर्व्हबॉल’ नावाच्या खबऱ्याचाही भाग वाचा. तो जर्मन यंत्रणेच्या ताब्यात होता, अमेरिकेला त्याची थेट उलटतपासणी करता येत नव्हती, तरी त्याने वर्णन केलेल्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांच्या भाषणात सुरक्षा परिषदेपुढे मांडल्या गेल्या.

आपल्याकडची तुलना करायची असेल तर कारगिल समीक्षा समितीचा अहवाल घ्या. तो २००० मध्ये संसदेत मांडला गेला, काही भाग वगळून. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही खुला केलेला नाही, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ मुळे गुप्तचर संस्थांकडे अर्ज करून सहसा काही हाती लागत नाही.

पाचपैकी चार. एक गुण अमेरिकी कागद नसल्याबद्दल कापला.