मिरजेचा तंबोरा: जवारी लावून घेताना दुकानातच बसा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोरा घ्यायचा असेल तर घरपोच मागवू नका, स्वतः जा. वाद्य घरपोचही चांगलं मिळतं. पण जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा नाद खुलेल असा घासणं, तुमच्या स्वराला, तुमच्या कानासमोर लावून घ्यावी लागते. त्यासाठी कारागिरासमोर घालवलेले दोन-तीन तास हा या खरेदीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. गाणाऱ्याला तर त्याचा उपयोग आहेच, पण चित्र काढणारा, लिहिणारा, शिवणकाम करणारा कोणीही तिथं बसला तर स्वतःच्या कामासाठी काहीतरी घेऊनच उठेल. म्हणून इथं वाद्याइतकंच त्या बैठकीबद्दलही लिहिलं आहे.

या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून झाली असं सांगतात. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. तलवारींची मागणी सरली आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, विष्णु दिगंबर पलुसकर, अब्दुल करीम खाँ अशा गवयांचं मिरजेत वास्तव्य होतं, त्यामुळे कारागिरांना चोखंदळ गिऱ्हाईक दारातच मिळालं. खाँसाहेब तर स्वतः वाद्यदुरुस्तीत मुरलेले होते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते चांगलंच झालं, पण मानांकनाची चिठ्ठी पाहून तंबोरा निवडता येत नाही. तो कसा निवडायचा ते पाहू.

आधी भोपळा. हा कडू भोपळा, खायचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो आणि गल्लीतल्या माळ्यांवर, गच्च्यांवर त्याच्या राशी दिसतात. तो वेलावरच पूर्ण पिकून वाळलेला लागतो. अर्धवट कच्चा उतरवला तर साल पातळ राहते, पुढं सुरकुतते आणि आवाज पोकळ येतो. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, मग तोंडाशी आतून कामट्या लावून त्याला हवा तो घेर देतात आणि तसाच पुन्हा वाळू देतात. यात घाई केली की सांधा उकलतो. दुकानात बोटाच्या पेरानं भोपळ्यावर चारी बाजूंनी टकटक करा. आवाज सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. एखाद्या जागी भद्द वाजला तर तिथं आतून चीर किंवा भराव असण्याची शक्यता आहे. रंग आणि लाखेचं पॉलिश चढल्यावर डोळ्यांना काही कळत नाही.

दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, शक्यतो तुणीच्या लाकडाची घ्या. लाकूड हलकं असतं, धागा सरळ असतो आणि मुरलेलं असेल तर वाकत नाही. दांडी पारखायची रीत सोपी आहे. तंबोरा आडवा धरून खुंट्यांकडून घोडीकडे एक डोळा मिटून पाहा, बंदुकीचा नेम धरतात तसं. मधे पोट आलेलं दिसलं तर तो तंबोरा ठेवून द्या. चार तारांचा ताण रोज चोवीस तास असतो आणि ओलसर लाकडाची दांडी वर्षभरात पुढं झुकते. मग तारा दांडीपासून उंच होतात आणि कितीही जवारी लावा, स्वर बसत नाही. तबलीला हलकी गोलाई असावी. घोडीच्या पायाशी ती खचलेली असेल तर एकतर ती फार पातळ तासली आहे किंवा वाद्य जुनं आहे.

नक्षीवर पैसे घालू नका. वेलबुट्टी, पानं, पांढऱ्या पट्ट्या, दांडीवरचे मोर यांनी किंमत बरीच वाढते आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही. पूर्वी पट्ट्या हस्तिदंताच्या असत, आता त्या प्लास्टिकच्या असतात. तेच पैसे मुरलेल्या लाकडात आणि चांगल्या घोडीत घाला. खरं तर साध्या तंबोऱ्यावर कारागिराचं मन जास्त असतं, कारण तिथं लपवायला काही नसतं.

माप स्वरावरून, म्हणजे हार्मोनियमच्या ज्या पट्टीला तुमचा सा लागतो तिच्यावरून ठरतं. पुरुषी तंबोरा साधारण पाच फुटी, पांढरी एक ते काळी दोनपर्यंत. बायकी साधारण सव्वाचार-साडेचार फुटी, पांढरी पाच ते काळी पाचपर्यंत. मधल्या स्वरात गाणाऱ्यांनी आपला स्वर दुकानात आधी सांगावा आणि गाऊनही दाखवावा. तारांचे आकडेही तिथंच वहीत लिहून घ्या. काळी एकला, घोडीपासून अटीपर्यंत (खुंट्यांजवळच्या तारांच्या टेकणीपर्यंत) साधारण एक मीटर तार असेल, तर पंचमाला (पहिल्या तारेला) 0.45 मिलिमीटर पोलाद, जोडीला (मधल्या दोन षड्जांच्या तारांना) 0.34 पोलाद आणि खर्जाला (शेवटच्या, खालच्या षड्जाच्या तारेला) 0.65 पितळ हा मेळ चांगला बसतो. चारही तारांवर ताण जवळपास सारखा येतो. काळी पाचच्या बायकी तंबोऱ्याला अंदाजे 0.33, 0.27 आणि 0.50. जाड तार खालच्या स्वरात सोडून लावली तर ती फडफडते आणि तो दोष लोक जवारीच्या माथी मारतात. बारीक तार वर ओढली तर आवाज चिरका येतो आणि ती तुटते.

आता जवारी.

घोडी म्हणजे तबलीवरची ती छोटी चौकी, जिच्या माथ्यावरून चारही तारा जातात. माथा सपाट दिसतो, पण दांडीच्या बाजूला त्याला नकळत उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि त्यातून उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा झरा फुटतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढं-मागं केला की झऱ्याचा रंग बदलतो. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 साली याच गोष्टीवर लिहिलं. तार जिथं छेडली तिथं ज्या उपस्वराचा निस्पंद (न थरथरणारा) बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये असा नियम आहे. तंबोऱ्यात मात्र तो स्पष्ट उमटतो, हे त्यांनी दाखवलं. कारागिराला हा नियम ठाऊक असो वा नसो, त्याची कानस त्याच जागी फिरते.

काम असं चालतं. तारा सैल करून बाजूला घेतात. सगळ्या एकदम काढत नाहीत, कारण ताण गेला की घोडी जागची हलू शकते. बारीक कानशीनं उतारावर दोन-तीन हलके हात, मग काचकागद, मग बोटानं चाचपणं. पुन्हा तारा चढवायच्या, स्वरात आणायच्या, धागा घालायचा, ऐकायचं. पसंत पडलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत निघालेली भुकटी फुंकरीनं उडेल इतकीच असते. उतार जास्त झाला तर तार घोडीला लवकर सोडते आणि आवाज मुका, बंद होतो. कमी राहिला तर तार पत्र्यासारखी खणखणते. कडेला धार राहिली तर करकर येते. चारपैकी तीन तारा सुंदर बोलतात आणि चौथी अडून बसते, हे तर नेहमीचंच. खर्ज सर्वांत शेवटी वठणीवर येतो.

इथं बघण्यासारखं काय, तर कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. धागा हलवला तर कानस नाही, कानस मारली तर धागा पूर्वीच्याच जागी. काय केल्यानं काय झालं हे त्याला प्रत्येक फेरीत नेमकं कळलेलं असतं. आपल्यापैकी बरेचजण कामात अडलं की एकदम चार गोष्टी बदलतात आणि सुधारलं तर कशानं आणि बिघडलं तर कशानं, हे दोन्ही हरवून बसतात. दुसरं, तो ऐकताना हात थांबवतो. तार छेडून लगेच कानशीकडे वळत नाही, नाद पूर्ण विरेपर्यंत बसून राहतो, कारण जवारीचा दोष बऱ्याचदा नादाच्या शेवटाला उघडा पडतो. वाक्य लिहिल्या लिहिल्या खोडणाऱ्यानं हे जरूर पाहावं. आणि तिसरं, जाणता कारागीर नव्या घोडीची जवारी पूर्ण खुली करत नाही, थोडी बंद ठेवतो. पुढच्या काही महिन्यांत तारा स्वतःच घोडी घासतात आणि जवारी उघडत जाते. ती वाढ त्यानं आधीच हिशेबात धरलेली असते. दुकानात आज किंचित मिटलेला वाटणारा आवाज म्हणूनच नापसंत करू नका, त्याला विचारा.

बसण्याचेही काही नियम आहेत. सकाळी लवकर जा, दुपारनंतर गल्लीत ठोकाठोकी आणि रहदारी वाढते. मोबाइल बंद ठेवा. कानस चालू असताना प्रश्न विचारू नका, तारा चढवताना विचारा. "खुली हवी की गोल?" असं तो विचारेल. गोल म्हणजे थोडी बंद. तेव्हा शब्दांत न अडकता दोन आलाप गा. तुमचा आवाज जाडा असेल तर फार खुली जवारी त्याला झाकते, बारीक असेल तर बंद जवारीत तो एकटा पडतो. मुरलेला कारागीर हे गाण्यावरून ओळखतो आणि बरोबर तिकडे वळवतो.

काम संपल्यावर तपासणी तुम्ही करा. पंचम मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तारा तर्जनीनं, तारेच्या साधारण मध्यावर, घोडीपासून दूर. आधी नुसती जोड ऐका. दोन तारांत लाट जाणवली तर त्या अजून मिळालेल्या नाहीत. मग एकटा खर्ज छेडा आणि गप्प बसा. त्यातून गंधार आपणहून वर यायला हवा, तोच स्वयंभू गंधार. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि शुद्ध निषादाची चाहूल लागते. शेवटी चारी तारा ओळीनं छेडत राहा. कुठली तार कुठं संपली हे कळेनासं झालं पाहिजे. एक तार वेगळी डोकावत असेल तर पैसे देण्याआधीच सांगा. चांगला कारागीर रागावत नाही, तो आधीच कानस हातात घेतो.

घोडी कशाची घ्यावी यावर मतं आहेत. हाडाची कडक असते, आवाज लखलखीत येतो आणि ती टिकते. शिसवी किंवा आबनुसी घोडी गोल, उबदार बोलते, पण तारांचे चर लवकर पडतात. कृत्रिम पांढरी घोडी दमट हवेला दाद देत नाही, तिचा आवाज मात्र थोडा कोरडा. घरच्या रियाजाला लाकडी, सतत प्रवास असणाऱ्यांना कृत्रिम, असं आमचं मत. परदेशी नेणाऱ्यांनी कृत्रिमच घ्यावी, हाड पाहून सीमाशुल्क खात्यात अडवणूक होऊ शकते.

उणिवाही सांगायला हव्यात. सांगितलेली तारीख क्वचितच पाळली जाते, पावसाळ्यात तर पॉलिश वाळतच नाही, त्यामुळे कार्यक्रमाच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका. कोणतं लाकूड, कोणत्या तारा, दुरुस्ती किती दिवस मोफत, हे बिलावर बहुतेक ठिकाणी लिहून मिळत नाही. आग्रहानं लिहून घ्या. शोभेसाठी केलेला स्वस्त मालही बाजारात असतो. त्यात खुंट्या ओबडधोबड असतात आणि तंबोरा स्वरात दहा मिनिटंही टिकत नाही. खुंटी भोकात पूर्ण गोलाईनं बसते का, हे तिथंच फिरवून पाहा. सटकत असेल तर खडू लावतात, अडकत असेल तर कोरडा साबण. पण नव्या वाद्याला हे उपाय लागता कामा नयेत.

प्रवासात खुंट्या दोन-तीन फेरे सैल करा, तारा पूर्ण सोडू नका. घोडीच्या चार कोपऱ्यांशी तबलीवर पेन्सिलीनं बारीक खुणा करून ठेवा, धक्क्यानं ती सरकली तर परत नेमकी बसवता येते. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या तंबोऱ्याचे सांधे सुटतात आणि लाख मऊ पडते. घरी गवसणी घालून, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा. बारीक फरक घोडीखाली तारांत ओवलेल्या मण्यांनी काढा: मणी घोडीपासून खाली सरकवला की स्वर चढतो. रोजचा रियाज असेल तर वर्ष-दीड वर्षानं जवारी पुन्हा लावून घ्यावी लागते. घोडीवर नखानं चर जाणवू लागले की वेळ आली समजा.

तंबोऱ्याच्या ॲपशी तुलना सगळेच करतात. स्वर धरायला ॲप पुरतं आणि प्रवासात सोयीचंही आहे. पण त्यात तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, तंबोऱ्यात मात्र बोटाच्या प्रत्येक स्पर्शाला उपस्वरांची गर्दी थोडी वेगळी जमते. तासभर गायल्यावर हा फरक गळ्याला कळतो.

निघताना दोन गोष्टी मागून घ्या: तारांचा एक जादा संच आणि त्याच रिळाचा हातभर धागा. जवारी ज्या धाग्यावर लावली, त्याच जाडीचा धागा घरी हवा. शिवणयंत्राचा दोरा घातला तर सकाळभराची मेहनत ऐकू येणार नाही.