राजधान्यांचा नकाशा: घरात लावावा असा, पण दोन उणिवांसह

नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानातून घेतलेल्या जगाच्या या मराठी भिंतनकाशाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या मांडणीत आहे. जितकी लोकसंख्या जास्त तितकी शहराच्या नावाची अक्षरे मोठी आणि राजधानीला लाल तारा, एवढीच योजना. पण तिच्यामुळे अनेक देशांत तारा लहान अक्षरांशेजारी दिसतो आणि असे का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण फार बोलके आहे. सिडनी आणि मेलबर्न यांपैकी कोणीच माघार घेईना, म्हणून राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, परंतु सिडनीपासून किमान १०० मैल दूर असावी आणि तोवर संसद मेलबर्नला भरावी, अशी तडजोड थेट राज्यघटनेत लिहिली गेली; नव्याने वसवलेल्या कॅनबेरात संसद गेली ती १९२७ मध्ये. ब्राझीलने १९६० मध्ये ब्राझिलिया वसवली, ती किनाऱ्यापासून दूरचा प्रदेश भरभराटीला यावा म्हणून. नायजेरियानेही १९९१ मध्ये गजबजलेले लागोस सोडून मध्यवर्ती अबुजा गाठले.

पहिली उणीव दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथे १९१० मध्ये प्रशासन प्रिटोरियाला, संसद केपटाउनला आणि अपील न्यायालय ब्लूमफाँटेनला अशी वाटणी झाली. नकाशात मात्र तारा एकट्या प्रिटोरियाला आहे.

दुसरी उणीव मला अधिक सलते. कोपऱ्यातील भारताच्या नकाशात ठळक इंदूरशेजारी भोपाळचा तारा अचूक दाखवला आहे, मात्र नागपूरला कोणतीच खूण नाही. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यांची पुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले, तर मुंबई राज्यात आलेल्या नागपूरच्या वाट्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि १९५३ च्या नागपूर करारात कबूल केलेले विधिमंडळाचे वार्षिक अधिवेशन आले. उपराजधानीसाठी एखादा पोकळ तारा सहज छापता आला असता, आणि नागपुरात विकल्या जाणाऱ्या नकाशाकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.

छपाई स्वच्छ आहे, नावांचे मराठी लेखन बहुतांशी बरोबर आहे. वरच्या प्लॅस्टिकच्या थराला चकाकी असल्याने नकाशा खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी तो अवश्य घ्यावा आणि वरील दोन दुरुस्त्या पालकांनी पेनाने करून द्याव्यात.