कॅलिपर ‘बदलला’, पण नळीचा बोल्ट हललाच नव्हता

सोलापुरात जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ब्रेकच्या कामात चाक परत बसलं की आत काय बदललं आणि काय नाही, हे बाहेरून दिसत नाही. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

माझी गाडी २००८ची वॅगन आर. पुढचं डावं चाक तापायला लागलं होतं. विजापूर रोडवरून घरी आलं की त्या चाकापाशी जळका वास यायचा, अ‍ॅव्हरेज पडलं होतं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची. ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा भाग दोन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. पॅडलवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतं, तेव्हा असं होतं.

गॅरेज शहरातलंच. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं काम चालू आहे. मिस्त्रीने चाक काढलं, पान्याला एकदोन हिसके दिले आणि म्हणाला, “सगळं जाम हाय साहेब. बोल्ट निघंना. दोन्ही कॅलिपर गेलेत, डिस्क तर कापूनच काढावी लागंल.” आईला तुळजापूरला न्यायचंय हे बोलताबोलता माझ्या तोंडून निघालं होतं. मालकाने तेच धरलं: “घाटात ब्रेक गेला तर काय करणार? आई मागं बसलेली असणार.” असं म्हटल्यावर कोणता मुलगा पैशाची घासाघीस करेल? त्यानंतर “तुम्ही थांबू नका, झालं की फोन करतो” म्हणून मला घरी पाठवलं.

बिल झालं १८,४०० रुपये. त्यात दोन कॅलिपर, दोन डिस्क, पॅड, आणि वर ‘जाम पार्ट काढण्याची मजुरी’. बिल म्हणजे कच्च्या कागदावर हाताने लिहिलेलं, पार्ट नंबर एकही नाही. जुने पार्ट मागितले तर “भंगारवाला आत्ताच घेऊन गेला”. चाकाच्या भोकांतून चंदेरी, नवेकोरे कॅलिपर दिसत होते.

काही आठवड्यांतच तोच वास परत सुरू झाला.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक अण्णा राहतात. त्यांच्याकडे लिफ्ट नाही की हवेची गन नाही. एक जॅक, दोन स्टँड, सॉकेटचा डबा, तारेचा ब्रश आणि हातोडी. गाडी त्यांच्या दारात लावली. मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक लावून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

चाक निघालं आणि अण्णांनी बोट थेट रबरी नळीवर ठेवलं. “हे बघ. कॅलिपर बदलायचा म्हटलं की ही नळी सोडावीच लागती.” ब्रेक ऑइलची नळी कॅलिपरला एका पोकळ बोल्टने बसते आणि त्या बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर असतात. नवा कॅलिपर बसवताना हे वॉशर नवे टाकायचे असतात, लाइनमधली हवा काढायची असते, म्हणजे थोडं तरी नवं ऑइल घालावंच लागतं. माझ्या गाडीत त्या बोल्टच्या खाचेत तेलकट धूळ जशीच्या तशी घट्ट बसलेली होती. वॉशर काळे पडलेले. चंदेरी रंग बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर आणि तिथून नळीच्या टोकापर्यंत एकसलग पसरला होता, कुठेही तडा नाही. हवा काढायच्या निपलचं तोंडही रंगाने बुजलेलं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीत पाहिलं, तर तेही पूर्वीसारखंच काळपट. अण्णांनी नखाने रंग खरवडला आणि खाली जुना गंज निघाला.

म्हणजे माझाच कॅलिपर, वरून स्प्रे मारलेला. पॅड तेवढे नवे होते. खालचा एक बोल्ट सोडून, कॅलिपर वर उचलून गॅरेजवाल्यांनी पॅड घातले आणि काम संपवलं. पण मूळ दुखणं होतं पिनांचं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्या ग्रीस वाळून गंजल्या होत्या. त्यामुळे नव्या पॅडपैकीही आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा उघडउघड जास्त झिजलेलं होतं.

राहिली डिस्क. ती काढायची तर कॅलिपरचं ब्रॅकेट मागून धरणारे दोन मोठे बोल्ट काढावेच लागतात. त्यांच्यावर गंजाची आणि चिखलाची खपली तशीच होती. अण्णांनी ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी सहा कोनांचं सॉकेट लावलं. बारा कोनांचा रिंग पाना अशा ठिकाणी डोकं गोल करू शकतो, आणि एकदा डोकं गोल झालं की खरंच कटर मारायची वेळ येते. दांड्यात लांब पाइप घातला, बोल्ट आधी किंचित आवळला आणि मग सोडवला. ‘कट्’ असा आवाज आला आणि बोल्ट वळला. कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेली होती, हे मात्र खरं. पण तिला आट्यांची दोन भोकं असतात ती याचसाठी. ती साफ करून अण्णांनी ८ मिमीचे दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले. मधूनमधून मधल्या फुगवट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा हलका ठोका. पॅड जिथे घासतं त्या पृष्ठभागावर हातोडी लावायची नाही. थोड्याच वेळात डिस्क सुटून हातात आली. हब आणि डिस्क यांच्यामध्ये लाल गंजाचं अखंड कडं होतं. काही आठवड्यांपूर्वी ‘कापून काढलेल्या’ डिस्कच्या जागी ते कसं असेल? डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते ते कोरलेलं असतं. मोजून पाहिली तर माझी डिस्क त्याच्या वर होती, म्हणजे बदलायची गरजच नव्हती.

पिना पक्कडीने गोल फिरवत फिरवत बाहेर ओढल्या, घासून साफ केल्या, पिनांवरचे रबरी बूट नवे घातले आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मग दुसरी बाजू उघडली, तिथेही हीच कथा. दोन्ही बाजूंचे बूट, ग्रीस, नवं ब्रेक ऑइल असं सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. आता चाक तापत नाही. अण्णांनी मजुरी घेतली नाही, आग्रह केला तर रागावले.

ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हे काम एकट्याने करू नये, ब्रेक आहे तो. पण शेजारी उभं राहून बघणं कुणालाही जमतं. ‘जाम झालंय’ आणि ‘गेलंय’ यांत फार मोठं अंतर आहे. जाम झालेलं बहुतेक वेळा स्प्रे, वेळ आणि बरोबर सॉकेट यांनी निघतं. तोडफोडीचे पैसे मागणाऱ्याला आधी विचारा, तू रात्रभर भिजत ठेवलं होतंस का? काम सुरू होण्याआधीच सांगा की जुने पार्ट मला हवेत, नव्याचा खोका माझ्यासमोर उघडायचा आणि बिलावर पार्ट नंबर पाहिजे. कॅलिपर खरोखर खराब असतोही. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनला गंज चढला किंवा सील गळत असेल तर तो बदलावाच लागतो. अशा वेळी चांगला मिस्त्री ते उघडून दाखवतो. सोलापुरात असे प्रामाणिक मिस्त्री पुष्कळ आहेत, आणि हे गॅरेज त्यांचंही नाव खराब करतंय याची मला जास्त चीड आहे.

मी फोटो घेऊन मालकाकडे गेलो. आधी म्हणाला पोरांनी चूक केली, मग काही पैसे परत देऊ केले, पण लेखी द्यायला तयार नव्हता. म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. २०१९च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, तेव्हा कुणी बिल नाकारलं तरी तक्रार करता येते.

तुमच्याही गाडीचे कॅलिपर नुकतेच ‘बदलले’ असतील तर एकदा चाक काढून नळीच्या बोल्टपाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरांकडे बघा, आणि कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढून ठेवा.