बाळंतपण कुठे करायचं: तालुक्याला की जळगाव-धुळ्याला?

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून पुण्यात किंवा सुरतेत सात महिने दाखवलेली लेक आठव्यात चोपड्याला, शहाद्याला येते आणि दवाखान्याची शोधाशोध सुरू होते.

तालुक्याच्या खासगी प्रसूतिगृहाची जमेची बाजू एकच, पण मोठी: तपासणारे आणि बाळंतपण करणारे डॉक्टर तेच. पाटीवर स्त्रीरोग-प्रसूतीतलं एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ आहे ना, ते बघा. अडचण रात्रीची. भूलतज्ज्ञ बहुतेक ठिकाणी बाहेरून बोलवावे लागतात. म्हणून नाव नोंदवण्याआधीच विचारा: रात्री दोनला सिझर लागलं तर भूल कोण देतं, यायला किती वेळ लागतो? रक्त कुठून आणायचं? बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर कुठे नेता? बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांतही आईचा जीव जाऊ शकतो. एसी खोलीपेक्षा रक्तपेढीचं अंतर महत्त्वाचं. खर्च विचाराल तेव्हा भूल, औषधं, बाळाचे डॉक्टर आणि पेटीचं रोजचं भाडं त्यात धरलंय का, हेही विचारा. बिल फुगतं ते इथेच.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे नॉर्मल काय, सिझर काय, दोन्ही मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि १०२ची गाडीसुद्धा. पण सगळे सरकारी दवाखाने सारखे नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझर होत नाही, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातही होतंच असं नाही; आशाताईंना नेमकं विचारून ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांत सोय जास्त, तशी गर्दीही. डॉक्टर पाळीनुसार बदलतात, त्यामुळे बोलते ती फाईल: रक्तगट, हिमोग्लोबिन, सगळ्या सोनोग्राफी, आधीच्या सिझरचा कागद.

आधीचं सिझर, जुळं, वाढलेला बीपी, वार (प्लासेंटा) खाली असणं, हिमोग्लोबिन ७च्या खाली, सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार), यांतलं काहीही असेल तर तालुक्याचा हट्ट नको, जिल्ह्यालाच जा. नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी नवऱ्याचीही करून घ्या. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून निघायचं असेल तर कळांची वाट बघू नका. पावसात घाटात दरड आली की गाडी तिथेच अडकते. डॉक्टरांना विचारून तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच खाली येऊन राहा.