टाळूवरचे पूवाले फोड: डॉक्सी, रिफाम्पिसिन की आयसोट्रेटिनॉइन?

दीड वर्ष मी कोंडा समजून शाम्पू बदलत राहिलो, मग कोणी म्हणालं चाई आहे, लसूण चोळ, तेही केलं आणि नुसती आग झाली. शेवटी जळगावला स्किनच्या डॉक्टरांनी टाळूचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला तेव्हा नाव कळलं, फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स. एकाच छिद्रातून सहा-सात केस ब्रशसारखे झुपक्याने निघतात, भोवती पिवळी खपली आणि मधे गुळगुळीत चट्टा. त्या चट्ट्यावर केस परत येत नाहीत, मूळच मेलेलं असतं. म्हणजे गोळी कोणतीही घ्या, ती उरलेले केस वाचवायला.

बहुतेकांना आधी डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळीच देतात. स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलवर मिळते, पण काही महिने घ्यावी लागते आणि बंद केली की बऱ्याच जणांचे फोड परत येतात. शिवाय तिच्यामुळे ऊन बाधतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याने डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडूच नये. दुधासोबत घेऊ नका, भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका जळते.

रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिनची जोडी जास्त जोरकस. साधारण दोन्ही ३०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, १० आठवडे. नंतर बऱ्याच जणांना जास्त दिवस आराम राहतो, मलाही राहिला. पहिल्या सकाळी लघवी केशरी झाली तेव्हा घरातले सगळे घाबरले, पण ते औषधाचाच रंग असतो. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध आहे म्हणून टीबी नाही ना हे आधी बघून घ्याच, आणि अर्धवट सोडू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करायच्या काही गोळ्यांचा असर यामुळे कमी होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. जुलाब जोरात लागले तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी फोन करा.

आयसोट्रेटिनॉइन ही मुळात मुरुमांवरची गोळी, काहींना छान लागू पडते, काहींना अजिबात नाही. ओठ फुटतात, लिव्हर आणि चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गरोदरपणात तर बिलकुल नाही, बाळाला व्यंग येतं. डॉक्सीसोबत ती कधीच घ्यायची नाही, मेंदूवरचा दाब वाढू शकतो. डॅप्सोन नावाची गोळीही देतात, पण आधी जी-६-पीडीची टेस्ट हवीच; ही रक्ताची तपासणी, ते एन्झाइम कमी असेल तर या गोळीने तांबड्या पेशी फुटतात.

माझं मत विचाराल तर चट्टा लहान आणि हळू वाढणारा असेल तर डॉक्सीपासून सुरुवात करा, पण महिन्या-महिन्याला पसरत असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, जोडीबद्दल सरळ विचारा. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पू कल्चरला (कोणते जंतू आहेत ते बघायच्या तपासणीला) पाठवायला सांगा. आणि दर १ तारखेला घरच्यांकडून त्याच उजेडात टाळूचा फोटो काढून घ्या, चट्ट्याची कड सरकली की नाही ते आरशात कळत नाही.