साध्या बटणांच्या फोनचे नऊ महिने

गेल्या गौरी-गणपतीत मी आईसाठी बटणांचा साधा फोन घेतला, त्याला आता नऊ महिने होत आले. आई ७४ वर्षांची आहे आणि पाटण तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते. मी पुण्यात असते. शेंगा फोडून आणि भांडी घासून खरखरीत झालेल्या तिच्या बोटांना स्मार्टफोनचा पडदा दाद देत नसे, उचलायला गेलेला फोन कट होई आणि मग ती दिवसभर हिरमुसून बसे. नवा फोन १,८०० रुपयांच्या आत मिळाला. तो ४जीवर चालणारा आहे, हे मी मुद्दाम पाहून घेतले, कारण तिचे सिम जिओचे आहे आणि त्या जाळ्यावर २जीचा फोन चालतच नाही.

घेताना माझी समजूत अशी होती की साध्या फोनात चोरण्यासारखे काही नसते, म्हणून तो आपोआप सुरक्षित असतो. ही समजूत चुकीची निघाली. बँकेचा ओटीपी याच फोनवर येतो, पेन्शन जमा झाल्याचा संदेश याच फोनवर येतो आणि फसवणूक करणाऱ्याला तर समोरच्या माणसाचा कानच पुरतो. या फोनवर व्हिडिओ कॉल होत नसल्यामुळे ‘डिजिटल अरेस्ट’सारखा, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धमकावत डांबून ठेवण्याचा, प्रकार पडद्यावर घडवता येत नाही, एवढाच काय तो आधार.

दुकानातच *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय क्रमांक पाहिला. दोन सिमचा फोन असल्याने असे दोन क्रमांक असतात. दोन्ही मी खोक्यावरच्या क्रमांकांशी ताडून पाहिले आणि शिधापत्रिकेच्या पिशवीत लिहून ठेवले. फोन हरवला, तर पोलिसांतील तक्रारीच्या आधारे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून याच क्रमांकांनी तो बंद पाडता येतो. सिमलाही पिन लावला. तो तीनदा चुकला की पीयूके हा सिम उघडण्याचा दुसरा आकडा मागितला जातो आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचे निकामी होते, म्हणून पीयूकेचा कागद माझ्याकडे ठेवला आहे.

आता पाच क्रमांकाच्या बटणाविषयी. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना संकटबटण असणे बंधनकारक आहे आणि साध्या फोनात ५ किंवा ९ दाबून धरले की ११२ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला कॉल जातो. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आई बाजाराला निघाली. फोन बटव्यात, सोबत किल्ल्या आणि सुटे पैसे. कशाचा तरी दाब पडून कॉल लागला आणि तिला पत्ताही नव्हता. थोड्या वेळाने नियंत्रण कक्षातून उलट फोन आला, तेव्हा अनोळखी क्रमांक पाहून तिने तो कट केला, कारण अनोळखी फोन घ्यायचे नाहीत असे मीच तिला बजावले होते. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिने घाबरत उचलला आणि चुकून लागल्याचे सांगितले. पलीकडची बाई शांतपणे ‘काही अडचण नाही ना, आजी?’ असे विचारून थांबली. त्या रात्री मी माझा नियम सुधारला: अनोळखी फोन घेण्यास हरकत नाही, पण त्यावर आकडे सांगायचे नाहीत आणि आकडे दाबायचे नाहीत. शिवाय तीस सेकंदांनी बटणांना आपोआप कुलूप लागेल अशी सोय केली. आमच्या फोनात कुलूप असताना पाचचे बटण चालत नाही, त्यामुळे दिवा मालवून अंधारात कुलूप उघडण्याचा सराव तिच्याकडून करून घेतला. मात्र ११२ लावून पाहण्याचा सराव कोणीही करू नये, कारण तेवढ्या वेळात खरी गरज असलेला माणूस ताटकळू शकतो. २ वर मी, ३ वर भाऊ आणि ४ वर शेजारच्या वहिनी अशी बटणे नेमली आहेत.

सुधारलेला नियम माघात कामी आला. ‘तुमचे सिम आज बंद होणार आहे, स्टार चारशे एक स्टार दाबून पुढे हा नंबर लावा’ असे एकाने गोड आवाजात सांगितले. आईने काही दाबले नाही. त्याने सांगितलेला नंबर दिनदर्शिकेच्या समासात पेन्सिलीने उतरवून घेतला, ‘मुलीला विचारते’ म्हणून फोन ठेवला आणि संध्याकाळी मला वाचून दाखवला. या युक्तीने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनकडे वळतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही त्याच्या हाती पडतात. १५ एप्रिल २०२४ पासून अशी कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवावी, असे दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितले होते, तरीही लोक प्रयत्न करतात. आपले कॉल कुठे वळवलेले आहेत का, हे *#२१# ने कळते आणि ##००२# ने सर्व वळवणी रद्द होते; पुढच्या भेटीत दोन्ही करून पाहिले. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, हा आकडा भिंतीवर खडूने लिहिला आहे.

संदेशांच्या बाबतीत आईला मी एकच खूण शिकवली. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी असेल तर व्यवहार आणि जी असेल तर सरकार. बँकेच्या नावाने आलेला संदेश साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला असेल, तर तो वाचायचाही नाही. तिला इंग्रजी येत नाही, पण ही चार अक्षरे ती आता चित्रासारखी ओळखते.

ज्याची मला कल्पनाच नव्हती, ते शिमग्याला घरी गेले तेव्हा कळले. फोनची जागा भरल्याचे सतत येत होते, म्हणून मेमरी कार्ड उघडले, तर त्यात सहा महिन्यांचे सगळे संभाषण साठलेले होते. कॉल आपोआप ध्वनिमुद्रित करण्याची सोय कारखान्यातूनच चालू होऊन आली होती आणि आम्ही दोघींनीही ती पाहिली नव्हती. एक फाईल मी उघडली. शेजारच्या वहिनी आपल्या लेकीच्या सासरचे दुखणे रडत सांगत होत्या. अर्ध्या मिनिटात मी ती बंद केली. हे कार्ड पुढे भाच्याला गाणी भरायला देण्याचे ठरले होते! आपल्या फोनमध्ये केवळ आपलेच गुपित नसते, आपल्यावर विश्वास टाकून बोलणाऱ्या प्रत्येकाचे असते, हे त्या दिवशी अंगावर आले. सगळ्या फाइली न ऐकता पुसल्या, सोय बंद केली आणि घडले ते आईने स्वतः वहिनींना जाऊन सांगितले.

बाकी फोन चांगला आहे. बॅटरी चार दिवस टिकते. मात्र आई ती महिन्यातून एकदा काढून पाटावर ठेवून फिरवून पाहते, कारण फुगलेली बॅटरी भोवऱ्यासारखी फिरते आणि अशी बॅटरी चार्जिंगला लावणे धोक्याचे असते. बदलायची वेळ आली तर मूळ कंपनीचीच घ्यायची, असे ठरवले आहे. विजेरी उपयोगी आहे. स्पीकर बाजारात फार मोठा वाटतो आणि तेवढ्याच आवाजात आकडा दाबला की फोन तो बोलूनही दाखवतो, त्यामुळे पिन दाबताना सगळ्यांना ऐकू जाई. ती बोलती बटणे बंद केली. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय २०२२ पासून आहे, पण आईचा हात अजून तेवढा बसलेला नाही, म्हणून ती घेतलेली नाही. नको असलेल्या कंपन्यांचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद केली, त्याने त्रास पुष्कळ कमी झाला.

गेल्या आठवड्यात वहिनींनीही हाच फोन घेतला. खोके उघडल्यावर आईने चष्मा लावला, सेटिंगमध्ये गेली आणि सर्वांत आधी ध्वनिमुद्रण बंद करून फोन त्यांच्या हातात दिला.